माणशी दीड फोन, आणि फोन नसलेली १ कोटी ४० लाख घरं: सहा ओळींच्या एका तक्त्याचं प्रकरण

प्रकरण एका तक्त्याचं आहे. ओळी सहा: भारत, ब्राझील, केनिया, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि युरोपीय संघ. रकाने तीन: दर शंभर लोकांमागे लँडलाइन, दर शंभर लोकांमागे मोबाइल आणि इंटरनेट वापरणाऱ्या लोकांची टक्केवारी. वर मथळा होता, ‘घरोघरी फोन आणि इंटरनेट: कोणता देश कुठे?’ एका अभ्यासगटाला हा तक्ता आपल्या अहवालात छापायचा होता आणि त्याआधी आकडे तपासून देण्याचं काम माझ्याकडे आलं. एकेक आकडा मुळाशी लावून पाहिला तर जवळपास सगळे बरोबर निघाले, अधिकृत ठिकाणांहून नीट उतरवून घेतलेले. तरीही तक्ता छापण्याजोगा नव्हता, कारण मथळ्यात घर होतं आणि तिन्ही रकान्यांत घर कुठेच नव्हतं.

जोडणी मोजणं आणि घर मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी ठेवला तर चूक नेहमी एकाच दिशेने होते असंही नाही. कधी देश आहे त्यापेक्षा पुढे दिसतो, कधी मागे. हे या सहा ओळींत कसं घडलं ते सविस्तर मांडतो, कारण असे तक्ते रोज छापले जातात आणि त्यांच्या जोरावर ‘आपण अमक्याच्या पुढे गेलो’ अशी विधानं केली जातात.

जोडण्यांचा आकडा सगळ्यांना का आवडतो

आवडण्याचं कारण साधं आहे: तो तयार मिळतो. प्रत्येक कंपनी आपले ग्राहक मोजतेच, नियामक संस्था ते दर महिन्याला किंवा तिमाहीला गोळा करते आणि जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना जगभरचे आकडे एका ठिकाणी मांडते. ही संघटना १८६५ ची आहे, तारायंत्राच्या काळातली, त्यामुळे तिच्याकडे मालिका लांबलचक आहेत. घरांचा आकडा हवा असेल तर मात्र कुणीतरी दारापर्यंत जावं लागतं. जनगणना दहा वर्षांनी होते, नमुना पाहण्यांना पैसा आणि माणसं लागतात, आणि अनेक देशांना हे दोन्ही दरवर्षी परवडत नाही.

लँडलाइनच्या काळात हा फरक खपून जात असे. तार भिंतीपर्यंत यायची, फोन एका ठरलेल्या जागी असायचा आणि तो घराचाच मानला जायचा. पण तेव्हाही हिशेबात एक खोट होतीच. जर्मनीत एका घरात सरासरी दोन माणसं राहतात, सेनेगलमध्ये आठच्या आसपास. समजा दोन्ही देशांत प्रत्येक घरी बरोबर एकेक फोन आहे. मग शंभर माणसांमागे जर्मनीत पन्नास फोन भरतील आणि सेनेगलमध्ये बारा. घरांच्या दृष्टीने दोन्ही देश पूर्ण जोडलेले, पण तक्त्यात एक दुसऱ्याच्या चौपट पुढे. मोठ्या कुटुंबांचे देश या मापात कायम मागे पडत आले आहेत, आणि हे देश बहुतेक वेळा गरीबही असल्यामुळे त्या मागे पडण्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

इथे मेटलंड आयोगाची आठवण काढायला हवी. जगभरच्या दूरसंचाराच्या विकासाचा विचार करायला नेमलेल्या, ब्रिटिश मुत्सद्दी सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाचा अहवाल १९८५ च्या सुरुवातीला जाहीर झाला. जगात तेव्हा सुमारे ६० कोटी फोन होते आणि त्यातले तीन चतुर्थांश फक्त नऊ देशांत होते. एकट्या टोकियोत संपूर्ण आफ्रिका खंडापेक्षा जास्त फोन आहेत, हे त्यातलं वाक्य नंतर जगभर फिरलं. त्यापेक्षा महत्त्वाचं मला त्यातलं उद्दिष्ट वाटतं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास प्रत्येक माणसाला सहज पोचता येईल इतक्या अंतरावर फोन असावा, असं आयोगाने म्हटलं. घरात असावा असं म्हटलं नाही. श्रीमंत देशांत ‘किती घरांत फोन?’ हा प्रश्न आणि गरीब देशांत ‘फोन किती लांब?’ हा प्रश्न, अशी विभागणी त्या काळात पक्की झाली होती. गरीब देशांसाठी दुसरा प्रश्न व्यवहार्यही होता. भारतात पीसीओ होते आणि बांगलादेशात १९९७ पासून ग्रामीणफोन या कंपनीच्या जोडण्यांवर गावातल्या बायका फोनसेवा चालवत. असा एक फोन अख्ख्या वस्तीला पुरत असे, पण शंभरी मापात तो एकच.

मग मोबाइल आला. २००२ मध्ये जगातल्या मोबाइल जोडण्यांनी लँडलाइनला मागे टाकलं. २००६ च्या सुमारास लँडलाइनने आपला माथा गाठला आणि ती उताराला लागली. फोन भिंतीवरून खिशात गेला, पण मोजण्याची पद्धत तीच राहिली.

भारताची ओळ

वाढ दिसावी म्हणून तक्त्यात भारतासाठी दोन खाने केले होते, एक २०११ चा आणि एक अलीकडचा. २०११ च्या खान्यात ७०.८९ हा आकडा होता. मार्च २०११ अखेरची दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, दर शंभर लोकांमागची टेलिफोन घनता (लँडलाइन आणि मोबाइल मिळून) तेवढीच होती. त्यात शहरी घनता १५७.३२ आणि ग्रामीण ३३.७९. वाचणारा याचा अर्थ काय लावेल? शहरांत फोनचा सुकाळ, गावांत तीन घरांत एक फोन.

२०११ च्या जनगणनेत मालमत्तेविषयी विचारताना प्रगणकांनी घरात टेलिफोन किंवा मोबाइल आहे का हे विचारलं होतं. देशातल्या २४.६७ कोटी कुटुंबांपैकी ६३.२ टक्के कुटुंबांनी हो म्हटलं. ग्रामीण भागात ५४.३ टक्के, शहरी भागात ८२ टक्के. म्हणजे शंभर माणसांमागे १५७ फोन असलेल्या शहरांत शंभरातल्या अठरा घरांमध्ये एकही फोन नव्हता. शहरी घरं तेव्हा ७.८९ कोटी होती. त्यांच्या अठरा टक्के म्हणजे १ कोटी ४० लाखांहून जास्त घरं. आणि ज्या गावांत ३४ ची घनता होती, तिथे निम्म्याहून जास्त घरांत फोन पोचलेला होता. एकाच देशात, एकाच तक्त्यात, जोडण्यांच्या आकड्याने शहरातली वंचित घरं झाकली आणि गावातली जोडलेली घरंही झाकली.

हे कसं झालं ते थोडं उलगडून सांगतो. ट्रायच्या शहरी जोडण्या ५६.४ कोटी होत्या. त्यांना ७.८९ कोटी घरांनी भागलं तर घरटी सातच्या वर फोन येतात, आणि असं काही नव्हतं हे उघड आहे. प्रीपेडची चुरस जोरात होती, नवं सिम घेणं सोपं होतं आणि जुनं रीतसर बंद करायला कुणी जात नसे. त्या वेळी मोबाइल जोडण्यांपैकी नेटवर्कवर प्रत्यक्ष चालू असलेल्या सुमारे ७० टक्केच होत्या. शिवाय त्यात कार्यालयांच्या आणि दुकानांच्या जोडण्या होत्या, एकेका माणसाकडची दोन-तीन सिमकार्डं होती. शहरातल्या पत्त्यावर घेतलेलं सिम गावात वापरलं जात असलं तरी ते मोजताना शहराच्याच खात्यात. ग्रामीण बाजूला उलटं घडतं: साधारण पाच माणसांच्या घरात एक फोन असला तरी ते घर जोडलेलंच, पण शंभरी हिशेबात त्या घराच्या वाट्याला वीसच येतात.

इथे तारखेचाही एक मुद्दा आहे, आणि तो सांगितला नाही तर माझीच तुलना लंगडी पडेल. जनगणनेतली घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०१० या काळात झाली. ट्रायचा आकडा मार्च २०११ चा. त्या दिवसांत दर महिन्याला दीड-दोन कोटी नव्या जोडण्यांची भर पडत होती, त्यामुळे सहा ते अकरा महिन्यांचं हे अंतर लहान नाही. पण ते वजा केलं तरी शहरी घनता शंभराच्या बरीच वर राहते आणि अठरा टक्क्यांचं भगदाड बुजत नाही.

२००१ च्या जनगणनेत फोन असलेली कुटुंबं ९.१ टक्के होती. ९.१ वरून ६३.२ ही दहा वर्षांतली झेप थक्क करणारी आहे आणि तक्त्यात तीच यायला हवी होती. त्या ६३.२ पैकी ५३.२ टक्के कुटुंबांकडे फक्त मोबाइल होता, ४ टक्क्यांकडे फक्त लँडलाइन आणि ६ टक्क्यांकडे दोन्ही. पुढे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मोबाइल असलेली कुटुंबं ९३ टक्क्यांवर गेलेली दिसतात.

इंटरनेटच्या बाबतीत भारताची मालिका आणखी जपून वाचावी लागते. जनगणनेत २०११ साली इंटरनेट असलेली कुटुंबं ३.१ टक्के होती. हा आकडा सर्रास उद्धृत होतो. पण तेव्हाचा प्रश्न ‘इंटरनेट जोडलेला कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप’ असा होता. मोबाइलवरचं इंटरनेट त्यात धरलेलंच नव्हतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, इंटरनेट सुविधा असलेली कुटुंबं २३.८ टक्के निघाली: ग्रामीण १४.९, शहरी ४२. आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीतल्या दूरसंचार पाहणीत ८६.३ टक्के. तिन्ही आकडे एका रेषेवर ठेवून आलेख काढायचा मोह होतो, पण पहिला बिंदू त्या रेषेवरचा नाही. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतची वाढ मात्र खरी आणि प्रचंड आहे. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि स्मार्टफोन घरात आले, त्याचा हा परिणाम आहे.

केनिया: एकाच वर्षातले चार आकडे

केनियाच्या खान्यात मोबाइलची घनता शंभराच्या वर होती, वर्ष २०१९. योगायोगाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे जनगणना झाली, लोकसंख्या ४.७६ कोटी भरली. जनगणनेनुसार तीन वर्षांवरच्या लोकांपैकी ४७.३ टक्के लोकांकडे स्वतःचा मोबाइल होता. इंटरनेट वापरणारे २२.६ टक्के. इंटरनेट असलेली घरं १७.९ टक्के.

लगेच ‘म्हणजे निम्म्या केनियाकडे फोनच नाही’ असं म्हणायची घाई करू नये. छेदात तीन वर्षांची मुलंही आहेत, आणि हा देश तरुण आहे, लोकसंख्येचा फार मोठा भाग पंधरा वर्षांखालचा. फक्त प्रौढांचा हिशेब केला तर मालकीचं प्रमाण बरंच वर जातं. २००७ पासून एम-पेसा या सेवेमुळे मोबाइल हे तिथे पैसे पाठवण्याचंही साधन झालेलं आहे आणि एकाहून जास्त सिम ठेवणं नेहमीचं आहे. हे सगळं धरूनही ‘शंभरावर’ आणि ‘४७’ यांत जे अंतर उरतं, ते तक्ता वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

मला यातले शेवटचे दोन आकडे जास्त बोलके वाटतात. इंटरनेट वापरणारी माणसं २२.६ टक्के आणि इंटरनेट असलेली घरं १७.९. घरांचं प्रमाण माणसांपेक्षा कमी! साधारणपणे उलट असतं: एका जोडणीवर घरातली काही माणसं वापर करतात, काही करत नाहीत, म्हणून घरांची टक्केवारी वर राहते. इथे लोक इंटरनेट वापरतात, पण ते घराचं नसतं. ऑफिसात, सायबर कॅफेत, स्वतःच्या फोनवर थोडा डेटा भरून. त्यामुळे माणसांच्या टक्केवारीवरून घरांची काढता येत नाही.

ब्राझील: एक देश, एक वर्ष, दोन उत्तरं

या ओळीसाठी घरांचे आकडे शोधले तेव्हा अभ्यासगटातले सगळेच थांबले.

ब्राझीलमध्ये दोन मातब्बर पाहण्या होतात. एक तिथली राष्ट्रीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयबीजीई, करते. दुसरी सेटिक नावाचं केंद्र २००५ पासून करत आलं आहे, खास माहिती-तंत्रज्ञानाच्या घरगुती वापरावर. २०२३ साली आयबीजीईच्या पाहणीत इंटरनेट असलेली घरं ९२.५ टक्के निघाली. सेटिकच्या पाहणीत ८४ टक्के. साडेआठ टक्क्यांचा फरक, म्हणजे त्या देशाच्या घरसंख्येत साठ लाखांहून जास्त घरं.

दोघांपैकी कुणी चुकलेलं नाही. आयबीजीई मोजते ती ज्या घरांत राहणाऱ्यांकडून इंटरनेट वापरलं जातं ती घरं. सेटिक विचारतं ते त्या घराला इंटरनेटची सोय आहे का हे. मुलीच्या फोनमध्ये डेटा आहे आणि ती घरी बसून तो वापरते, पण बाकीच्यांना घरात इंटरनेट आहे असं वाटत नाही, असं घर पहिल्या मोजणीत येतं आणि दुसऱ्या मोजणीत बाहेर राहू शकतं. गरीब घरांत जोडणी बहुतेक वेळा अशीच असते: एका माणसाची, महिन्याच्या सुरुवातीला असलेली आणि शेवटी संपलेली.

आता भारताचा ८६.३ शेजारी ठेवा. सेटिकचा आकडा घेतला तर भारत ब्राझीलच्या पुढे, आयबीजीईचा घेतला तर मागे. वर्षांतही दोनचा फरक आहेच. मथळ्याला हवं असलेलं उत्तर, कोण पुढे आणि कोण मागे, हे कुणाचा रकाना उचलला यावर ठरणार होतं. असं उत्तर छापणं मला वाचकाशी प्रतारणा वाटते.

छेदात कोण नाही

युरोपीय संघाची ओळ सगळ्यात स्वच्छ दिसत होती. एकच सांख्यिकी कार्यालय (युरोस्टॅट), एकच प्रश्नावली, २०२३ साली इंटरनेट असलेली घरं ९३ टक्के. पण युरोस्टॅट घर मोजते ते त्यात १६ ते ७४ वयाचं किमान एक माणूस असेल तरच. पंचाहत्तरी ओलांडलेलं जोडपं किंवा एकटी आजी राहते ते घर छेदातच नाही. युरोपात दहातला जवळपास एक माणूस त्या वयाचा आहे आणि इंटरनेट नसण्याची शक्यता याच घरांत सर्वांत जास्त. ९३ हा आकडा त्यामुळे खोटा ठरत नाही. तो मोजलेल्या घरांचा आहे, सगळ्या घरांचा नाही. भारताच्या किंवा अमेरिकेच्या घरगुती पाहण्यांत अशी वयाची चाळणी नसते.

अमेरिकेच्या आकड्याला वेगळी अट आहे. तिथली वार्षिक समुदाय पाहणी विचारते की घरात इंटरनेट आहे का, आणि असल्यास कंपनीला पैसे भरून की न भरता. ठळक आकडा छापला जातो तो पैसे भरून घेतलेल्या जोडणीचा: २०२१ साली ९० टक्के घरांकडे ब्रॉडबँड होतं, त्यात मोबाइल डेटाही धरलेला. शेजाऱ्याच्या वायफायवर चालवणारं घर इंटरनेट वापरतं, पण या रकान्यात येत नाही.

अमेरिकेच्या लँडलाइनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शंभरामागचा आकडा वर्षागणिक घसरत होता आणि पाहणाऱ्याला वाटावं की हा देश मागे चालला. प्रत्यक्षात २०१६ च्या उत्तरार्धात तिथे फक्त मोबाइल असलेल्या घरांनी निम्म्याची रेषा ओलांडली. लोकांनी तार सोडली, फोन नाही. खरी माघारही तिथे झालेली आहे, पण ती जुनी. १९३० साली सुमारे ४१ टक्के घरांत फोन होता, १९४० साली ३७ टक्क्यांच्या आसपास. महामंदीत लोकांनी फोन परत केले. घरगुती जोडणी कायम चढतीच राहते हे गृहीत धरणाऱ्यांनी ही दोन वर्षं ध्यानात ठेवावीत: बिल भरता येईनासं झालं की जोडणी जाते.

दक्षिण कोरियाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. घरांचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे आणि कोणत्याही व्याख्येने ते फारसं हलत नाही. टोकाला पोचलेल्या देशांत व्याख्या निरुपद्रवी असतात. वाद होतो तो मधल्या देशांत, आणि जगातली बहुतेक माणसं तिथेच राहतात.

‘इंटरनेट वापरणारा’ कोण, यावरही एकमत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या व्याख्येत गेल्या तीन महिन्यांत वापरलेलं हवं. पूर्वी ही मुदत बारा महिन्यांची होती. चीनमध्ये सहा वर्षांवरचा आणि गेल्या सहा महिन्यांत वापरलेला माणूस मोजतात. कोरियात वय तीनपासून पुढे. भारताच्या कुटुंब आरोग्य पाहणीने ‘कधीतरी वापरलं आहे का’ असं विचारलं, वय १५ ते ४९. मूळ तक्त्यातला तिसरा रकाना अशा वेगवेगळ्या मापांनी भरलेला होता.

जागतिक बेरजेतही हे जाणवतं. २०२४ साली जगात ५.५ अब्ज लोक इंटरनेटवर आहेत असा संघटनेचा अंदाज होता. पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याच २०२४ साठीचा आकडा सुधारून ५.८ अब्ज केला गेला. नव्या पाहण्या हाती आल्या की मागचे अंदाज हलतात. यात लपवाछपवी नाही, पण ज्या देशांत दारोदारी मोजणी झालेली नाही तिथला आकडा गणिताने भरलेला असतो हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

दारात काय घडतं

हे सगळं शेवटी एका दारात येऊन थांबतं. सकाळचे अकरा वाजलेत. पाहणी करणारी बाई टॅबलेट घेऊन उभी आहे. घरात सासू, सून आणि दोन मुलं. स्मार्टफोन एकच आहे आणि तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात आहे, संध्याकाळी सातला परत येईल. प्रश्न येतो, ‘तुमच्या घरात इंटरनेट आहे का?’ सून क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘आहे की, यांच्या फोनमध्ये.’ पाहणीवाली ‘हो’वर बोट ठेवते. घर जोडलेलं ठरतं.

दूरसंचार संघटनेची सूचना नीट वाचली तर हे ‘हो’ सरळ नाही. घरात इंटरनेट आहे असं म्हणायचं तर ते घरातल्या सगळ्यांना कधीही वापरता येण्याजोगं असलं पाहिजे. यंत्र कुणाच्या मालकीचं आहे हे गौण, ते घराचं मानलं जातं का हे महत्त्वाचं. प्रत्यक्ष वापर झाला की नाही तेही गौण. सकाळी बाहेर जाऊन रात्री येणारा फोन या कसोटीला उतरत नाही. पण दारात एवढी चिकित्सा करायला वेळ नसतो, प्रश्नावलीत ती प्रत्येक वेळी उतरलेलीही नसते, आणि उत्तर देणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणणं कमीपणाचं वाटतं.

म्हणूनच घरांचा आकडा जोडण्यांपेक्षा चांगला असला तरी तो उंबरठ्यावर संपतो. आत फोन कुणाच्या हातात आहे ते त्याला दिसत नाही. भारताच्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५३.९ टक्के होत्या. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१. ९३ टक्के घरांत मोबाइल, आणि त्या घरांतल्या जवळपास निम्म्या बायकांच्या वाट्याला तो नाही. शाश्वत विकास उद्दिष्टांत स्त्री-पुरुषांची मोबाइल मालकी वेगळी मोजण्याचा निर्देशांक ठेवला आहे तो याच कारणाने, आणि मला तो घरांच्या सगळ्या रकान्यांपेक्षा निकडीचा वाटतो.

शेवटी काय छापलं

अभ्यासगटाचं म्हणणं होतं की वाचकाला क्रमांक हवा असतो, अटींचं जंगल नको. ते समजण्यासारखं आहे. पण सहा ओळींपैकी दोन ओळींचा क्रम पाहणी बदलली की उलटतो, हे माहीत असताना क्रमांक छापायचा कसा? बरीच चर्चा झाली आणि क्रमांक गेले.

लँडलाइनचा रकाना काढून टाकला. मोबाइलची शंभरामागची घनता ठेवली, पण ती वेगळ्या छोट्या तक्त्यात गेली आणि तिचा मथळा ‘चालू-बंद धरून एकूण जोडण्या’ असा केला. मुख्य तक्त्यात फक्त घरांचे आकडे राहिले. प्रत्येक खान्यात आकड्याखाली वर्ष आणि त्याखाली दारात विचारलेला प्रश्न थोडक्यात. ब्राझीलच्या खान्यात दोन्ही आकडे, ८४ आणि ९२.५, त्यांच्या-त्यांच्या प्रश्नासह. भारतासाठी २३.८ आणि ८६.३. २०११ चा ३.१ तळटीपेत, ‘फक्त कॉम्प्युटरवरचं इंटरनेट’ असं लिहून. युरोपीय संघाच्या खान्यात ‘फक्त पंचाहत्तरीवरच्यांची घरं वगळून’. देश गटांत मांडले: कोरिया एकटा सर्वांत वर. युरोपीय संघ, अमेरिका, ब्राझील आणि भारत एका गटात, आणि त्या गटात आतला क्रम लावता येत नाही अशी ओळ खाली. केनिया वेगळा, कारण त्याचा आकडा २०१९ चा आहे आणि बाकीच्यांच्या शेजारी तो ठेवणं त्या देशावर अन्याय झाला असता.

स्त्रियांच्या हातातल्या फोनचा रकाना घालावा असा माझा आग्रह होता. तो अर्धाच मान्य झाला. सहाही ओळींसाठी सारख्या वयोगटाचा आणि सारख्या प्रश्नाचा आकडा जुळला नाही, म्हणून तो मुख्य तक्त्यात आला नाही. भारताचे आकडे चौकटीत वेगळे छापले. पुढच्या आवृत्तीसाठी बाकीच्या पाच ओळींच्या प्रश्नावल्या मागवल्या आहेत. प्रश्न आधी वाचायचे, आकडे नंतर उतरवायचे, असं काम वाटून घेतलं आहे.